खाऊ नको, पुस्तकं द्या

स्मरणिका समितीने मला ‘तुम्ही इतिहास शिकवलाय, तर इतिहासावरच काहीतरी लिहा’ असं सांगितलं. सोसायटीचा इतिहास, म्हणजे जागा कशी मिळाली, नोंदणी कशी झाली, पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्सच्या फेऱ्या, हे सगळं याच अंकात जाणकारांनी लिहिलंच आहे. त्यात मी वेगळी भर काय घालणार? म्हणून मी एक लहानसा विषय निवडला. आपल्या मीटर रूमशेजारच्या खोलीत जी पुस्तकांची पेटी आहे, आणि रविवारी सकाळी आपली कॉलेजातली मुलं ती उघडून वॉचमनच्या, घरकामाच्या मावश्यांच्या आणि शेजारच्या बांधकामावरच्या मुलांना पुस्तकं देतात, त्या पेटीचा इतिहास.

पेटी आपल्याला नवी वाटते, पण तिचं घराणं जुनं आहे. चांगलं दोनशे वर्षांचं. आणि या घराण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या मुलांच्या हातात पुस्तक नव्हतं त्यांच्यापर्यंत ते नेणारे बहुतेक वेळा तरुणच होते. मोठी माणसं पैसे देत, जागा देत, कधी विरोधही करत. पण पायपीट तरुणांची.

पुस्तकच नव्हतं तेव्हा

आज ‘ज्याच्याकडे पुस्तक नाही असं मूल’ म्हटलं की आपल्याला गरीब घरातलं मूल आठवतं. पण 1818 साली पेशवाई बुडाली तेव्हा महाराष्ट्रात जवळजवळ सगळीच मुलं तशी होती. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असायची. पाटीवर धूळ पसरायची, तीवर अक्षर गिरवायचं, पुसायचं, पुन्हा गिरवायचं. बाराखडी, पाढे, उजळणी, मोडीतला पत्रव्यवहार आणि हिशेब एवढं आलं की शिक्षण झालं. छापलेलं मराठी पुस्तक मुलाच्या हातात पडण्याचा प्रश्नच नव्हता. आणि या शाळेतही मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं नसत, हे विसरून चालणार नाही.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, 1822 मध्ये, मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी एक मंडळी स्थापन झाली. तिला मराठीत ‘हैंद शाळा आणि शाळापुस्तक मंडळी’ म्हणत. सदाशिव काशीनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, या मंडळींचे एतद्देशीय चिटणीस होते. 1828 साली त्यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीती’ ही पुस्तकं निघाली. ‘बाळमित्र’ मुळात बेर्कें नावाच्या फ्रेंच लेखकाचं. ते इंग्रजीतून मराठीत आलं. म्हणजे मराठी मुलाच्या हातात पडलेल्या पहिल्या काही छापील पुस्तकांमध्ये नुसते धडे नव्हते, गोष्टीही होत्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

छत्र्यांच्या मागून ते काम बाळशास्त्री जांभेकरांकडे आलं. 1832 साली ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री तेव्हा अवघे विशीतले होते. वर्तमानपत्र चालवायचं, शिकवायचं आणि वर मुलांसाठी व्याकरण, नीतिकथा, इतिहास अशी पुस्तकं तयार करायची, असा त्यांचा व्याप होता. आपल्याकडे विशीतल्या मुलाला आपण ‘आधी डिग्री तर पूर्ण कर’ म्हणतो.

1848 ची पोरं

पुस्तकं छापून झाली, तरी ती कोणाच्या घरात जाणार हा प्रश्न उरलाच. इथे 1848 हे साल फार महत्त्वाचं आहे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि नुकतंच शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनाने त्या वर्षी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. सुरुवातीला निबंध वाचायचे आणि चर्चा करायच्या, एवढंच चालायचं. पण नुसत्या चर्चेवर ही मंडळी थांबली नाहीत. 1849 मध्ये त्यांनी मुलींसाठी मराठी आणि पारशी शाळा सुरू केल्या. शिक्षक कोण? हेच तरुण. पगार काय? काही नाही. सकाळी मुलींना शिकवायचं आणि मग आपापल्या कामाला जायचं.

त्यांतले एक दादाभाई नौरोजी. वय चोवीसच्या आसपास. पुढे त्यांनी आठवण सांगून ठेवली आहे, की घरोघरी जाऊन ‘तुमच्या मुलींना तुमच्याच ओटीवर बसवून शिकवू द्या’ अशी विनवणी करावी लागे. काही घरांनी आनंदाने हो म्हटलं. काहींनी जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली. पण कामाला जागा मिळाली. नाना शंकरशेटांसारख्या वजनदार माणसाने मुलींच्या शाळेसाठी आपल्या आवारात सोय करून दिली. पारशी शेठियांनी पैसे दिले. याच तरुणांच्या ज्ञानप्रसारक सभेतून 1850 मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघालं आणि बरीच वर्षं चाललं.

त्याच 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. जोतीराव 21 वर्षांचे, सावित्रीबाई 17 वर्षांच्या. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो ना, त्या तसबिरीतलं प्रौढ रूप बघून हे वय विसरायला होतं. आज आपल्या सोसायटीत सतरा वर्षांची मुलगी म्हणजे बारावीची परीक्षा देणारी. त्या वयात सावित्रीबाई शेण आणि शिव्या झेलत शाळेत जात होत्या. पुढे या दोघांनी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलामुलींसाठीही शाळा उघडल्या.

मुक्ताची मागणी

फुल्यांच्या शाळेतली एक आठवण सांगितली जाते. बक्षीस समारंभ होता, मेजर कँडी बक्षिसं देत होते. एका मुलीने बक्षीस घेताना त्यांना सांगितलं, की आम्हाला खाऊ-खेळणी नकोत, आमच्या शाळेला ग्रंथालय द्या. काही जण ही मुलगी म्हणजे मुक्ता साळवे असं सांगतात.

मुक्ताचं नाव जोडलं जाणं साहजिक आहे, कारण तिने जे लिहिलं ते छापील स्वरूपात आपल्यासमोर आहे. 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी तिचा निबंध आला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्यात ती सरळ हिशेब मांडते. वेद ही आमचीच मत्ता आहे, इतरांनी ते पाहूही नयेत, असं ब्राह्मण म्हणत असतील, तर मग आमच्याजवळ धर्माचं पुस्तकच नाही हे उघड झालं. मग आमचा धर्म कोणता, ते देवा, तूच सांग.

मी वर्गात हा निबंध अनेकदा समजावून दिला आहे. मुलं जातीच्या मुद्द्यावर गंभीर व्हायची, ते योग्यच. पण त्यात पुस्तकाबद्दलही एक मोठी गोष्ट आहे. पुस्तक नसणं म्हणजे कपाट रिकामं असणं नव्हे. पुस्तक नसणं म्हणजे ‘हे तुझ्यासाठी नाही’ असं कोणीतरी ठरवलेलं असणं. तीन वर्षं फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला हे कळलं होतं.

पेटी निघाली गावाला

पुढची उडी बडोद्याची. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला, तेच सयाजीराव गायकवाड. त्यांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की मूल शाळेत अक्षर शिकतं, पण नंतर वाचायला काही नसेल तर चार-पाच वर्षांत ते विसरूनही जातं. म्हणून 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डेन या ग्रंथपालाला बोलावलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे फिरती पेटी. भक्कम लाकडी पेटीत निवडक पुस्तकं भरायची आणि जिथे ग्रंथालय नाही त्या गावी ती पाठवायची. वाहतुकीचा खर्च सरकारचा. गावात वाचून झाली की पेटी परत, आणि दुसरी पेटी रवाना. राजधानीच्या ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभागही होता. वाचकाने ग्रंथालयापर्यंत यावं याची वाट न बघता ग्रंथालयानेच वाचकाकडे जायचं, ही कल्पना आपल्याकडे पक्की रुजली ती या पेट्यांमुळे.

या पेटीची नात म्हणजे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना. 2009 मध्ये विनायक रानडे यांनी ती सुरू केली. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, काही महिन्यांनी गटागटांत पेट्यांची अदलाबदल होते. आपल्या मुलांना ‘पेटी’ हा शब्द तिथूनच सुचला, असं त्यांच्यापैकी एकीने मला सांगितलं. तिला बडोद्याचं माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाली, “म्हणजे काका, आम्ही कॉपी केली ती पण कॉपीच होती का?” मी म्हटलं, चांगली कॉपी करायलाही अक्कल लागते.

पाठ्यपुस्तक आलं, गोष्टीचं राहिलं

27 जानेवारी 1967 रोजी ‘बालभारती’ स्थापन झाली आणि पाठ्यपुस्तक स्वस्त दरात सगळ्यांना मिळू लागलं. गंमत अशी, की महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाही त्याच 1967 सालचा.

आमच्या पिढीतल्या लोकांना यानंतरचा काळ चांगला आठवत असेल. स्वस्त झाली तरी सगळीच पुस्तकं नवी घेणं परवडत नसे. मग निकाल लागला की वरच्या वर्गातल्या मुलाला गाठायचं आणि निम्म्या किमतीत त्याचा संच घ्यायचा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांसाठी जूनमध्ये गर्दी उसळायची. शाळांमध्ये पुस्तकपेढ्या असत. वर्षभरासाठी पुस्तक मिळायचं, वर्षअखेरीस परत द्यायचं. आदल्या वर्षीच्या मुलाने पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं खोडरबराने खोडायची आणि मगच अभ्यास. खाकी कव्हर, त्यावर चौकोनी लेबल. आतल्या पानावर आधीच्या तीन-चार मालकांची नावं. आपण कोणाकडून घेतलं आणि कोणाला दिलं, याची ती वंशावळच असे. त्यात घेणाऱ्याला कमीपणा नव्हता, कारण पुढच्या वर्षी तोच देणारा व्हायचा.

1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना 37 विद्यापीठांत सुरू झाली. कॉलेजच्या मुलांनी वस्तीत जाऊन शिकवणं, पुस्तकं गोळा करणं हे तेव्हापासून जास्त पद्धतशीरपणे होऊ लागलं. आता तर सरकारी शाळेत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. मग प्रश्न संपला का?

नाही. कारण शिक्षण हक्क कायदा, जो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं असं म्हटलं आहे. आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांवरची पुस्तकं यांच्याबरोबर गोष्टींची पुस्तकंही असावीत असं स्पष्ट लिहिलं आहे. कायदा करणाऱ्यांना हे मुद्दाम लिहावंसं वाटलं. कारण धड्याचं पुस्तक मुलाला परीक्षेपर्यंत नेतं, पण वाचायची गोडी लागते ती गोष्टीने. बापू छत्र्यांना हे 1828 मध्ये कळलं होतं, म्हणून तर मघाशी म्हटलं, लक्षात ठेवा.

बांधकामावरची मुलं

आता आपल्या दाराशी येऊ. आपण इथे राहायला आलो तेव्हा आजूबाजूला सगळी मोकळी रानं होती. पंचवीस वर्षांत तिथे टॉवर उभे राहिले. प्रत्येक टॉवरच्या आधी तिथे पत्र्याची वस्ती उभी राहते आणि इमारत पूर्ण झाली की उठते. आपली इमारतही अशाच एका वस्तीने बांधली. त्या वस्तीतल्या मुलांचं पुढे काय झालं, आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही.

या मुलांचा प्रश्न ओळखणारेही होते. 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेश’ सुरू केलं, 1972 मध्ये ते काम मुंबईत आलं. 1988 साली मुंबईत समाजकार्याचं शिक्षण नुकतंच पुरं केलेल्या बीना शेठ लष्करी आणि त्यांच्या शिक्षिका रजनी परांजपे यांनी ‘डोअर स्टेप स्कूल’ सुरू केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या दाराशी जायचं, हा त्यामागचा विचार. त्यांनी पुढे बसमध्येही वर्ग भरवले. 1993 पासून पुण्यातही त्यांचं काम चालू आहे. म्हणजे पुन्हा तेच. दादाभाईंनी ओटीवर शाळा नेली, सयाजीरावांनी पेटी नेली, यांनी बस नेली.

पुस्तकांच्या बाजूनेही बदल झाला. 2004 मध्ये ‘प्रथम बुक्स’ सुरू झालं आणि अनेक भारतीय भाषांत कमी किमतीची, भरपूर चित्रांची पुस्तकं निघू लागली. चार घड्यांचं एक गोष्टकार्डही त्यांनी काढलं. घडी उघडत जायची आणि गोष्ट पुढे सरकते. आपल्या पेटीत ही कार्डं सगळ्यात लवकर फाटतात, कारण ती सगळ्यात जास्त वाचली जातात.

आपली पेटी

आपल्या मुलांनी पहिल्यांदा ‘जुनी पुस्तकं द्या’ अशी चिठ्ठी लिफ्टमध्ये लावली तेव्हा काय जमा झालं, ते सांगण्यासारखं आहे. स्पर्धा परीक्षांची गाइडं, इंजिनिअरिंगची जाडजूड पुस्तकं, अर्ध्या भरलेल्या वर्कबुका, बँकांच्या जुन्या डायऱ्या, दोन वर्षांपूर्वीचं राशिभविष्य. थोडक्यात, आपण पुस्तकं दिली नाहीत, घर आवरलं. मुलांनी ती रद्दी विकली आणि त्या पैशांतून पंधरा-वीस पातळ, चित्रांची पुस्तकं आणली. मला वाटतं, पेटी खरी त्या दिवशी सुरू झाली.

मग भाषेचा प्रश्न आला. बांधकामावरच्या मुलांपैकी कोणी मराठवाड्यातलं, कोणी कर्नाटकातलं, कोणी तेलंगणातलं, कोणी छत्तीसगडचं. मराठी पुस्तक सगळ्यांच्या उपयोगाचं नव्हतं. मग शब्द नसलेली, नुसत्या चित्रांची पुस्तकं आली. क विंगमधल्या एका आजींनी कन्नड गोष्टी वाचून दाखवायला सुरुवात केली. त्या आजी कन्नड बोलतात हे शेजाऱ्यांनाही तेव्हाच कळलं.

सगळ्यात मोठा वाद झाला तो परत न आलेल्या पुस्तकांवरून. काम संपलं की कुटुंब एका रात्रीत दुसऱ्या साइटवर जातं, आणि पुस्तकही जातं. काही सभासदांचं म्हणणं होतं, की हे असंच चाललं तर पेटी रिकामी होईल, निदान डिपॉझिट तरी घ्या. मुद्दा चुकीचा नव्हता. मुलांनी तीन रविवार त्यावर चर्चा केली आणि वहीत एक रकाना वाढवला. त्याआधी ‘दिलं’, ‘आलं’ आणि ‘हरवलं’ असे तीन रकाने होते. चौथा रकाना घातला, ‘गेलं’. जे पुस्तक मुलाबरोबर गेलं ते हरवलेलं नाही, असा त्यांचा युक्तिवाद. सयाजीरावांची पेटी परत यायची. ही काही वेळा येत नाही. पण ज्या पत्र्याच्या खोलीत एकही पुस्तक नव्हतं तिथे एक आहे, एवढं नक्की.

आता प्रश्न आपला

येत्या वार्षिक सभेत मीटर रूमशेजारच्या खोलीचा विषय आहे. कुरिअरची पार्सलं ठेवायला जागा नाही, तिथे लॉकर बसवावेत, अशी सूचना आली आहे. पार्सलांचा त्रास खरा आहे, मीही तो सोसतो. शिवाय ‘बाहेरची मुलं गेटच्या आत येतात, उद्या काही झालं तर जबाबदार कोण’ असा प्रश्नही काही सभासदांनी विचारला आहे. ज्यांनी विचारला ते वाईट माणसं नाहीत. सुरक्षेची काळजी वाटणं स्वाभाविक आहे, आणि तिचं उत्तर द्यायला हवं. रविवारी दहा ते बारा हीच वेळ, गेटवर नावांची नोंद, मुलांबरोबर दोन मोठी माणसं हजर, एवढं आपण सहज ठरवू शकतो. लॉकर जिन्याखालच्या जागेत बसतात का, तेही मोजून बघू. मी टेप घेऊन यायला तयार आहे.

पण ‘बाहेरची मुलं’ या शब्दापाशी मी थोडा थांबतो. वॉचमनची मुलगी आपल्या गेटवरच्या खोलीतच राहते. मावशींचा मुलगा आई काम करते तोवर जिन्यात बसलेला असतो. ती बाहेरची कशी? 1849 मध्ये जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी देणारेही घराची काळजीच करत होते. त्यांची नावं कोणाच्या लक्षात नाहीत. आवारात जागा देणाऱ्या नानांचं नाव आहे.

आपण गेल्या काही वर्षांत सहलीला महाबळेश्वरला जाताना भिलारला थांबलो होतो. 2017 मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ झालं ते भिलार. तिथे सुरुवातीलाच 25 ठिकाणी, लोकांच्या घरांत, देवळांत, शाळेत पुस्तकं ठेवली गेली. कोणीही यावं, बसावं, वाचावं. आपण सगळ्यांनी फोटो काढले आणि ‘किती छान कल्पना’ म्हणालो. गावकऱ्यांनी पाहुण्यांसाठी घरातली खोली उघडली. आपल्याला तर मीटर रूमशेजारचीच उघडी ठेवायची आहे, तीही आठवड्यातून दोन तास.

तेव्हा सभेला जरूर या. आणि पुस्तक द्यायचं असेल तर आधी स्वतः उघडून बघा. फाटलेलं, कोऱ्या जागा भरलेलं, आपल्यालाच नको झालेलं असेल तर ते रद्दीवाल्याचं. जे आपल्या नातवंडाला वाढदिवसाला देऊ ते पेटीचं. पहिल्या पानावर नाव लिहायचं असेल तर वरच्या कोपऱ्यात, लहान अक्षरात लिहा. खाली बरीच नावं यायची आहेत.